मठारलेला मडगार्ड

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे सगळ्या पनवेलला ठाऊक होतं. किती येत नाही, ते फक्त मला ठाऊक. तांबटाच्या घरात हे चालायचंच. सासरे बहिरे होते, थोरले दीर चाळिशीतच ठार बहिरे झाले. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत तांब्यावर ठण् ठण् ठण्, बिचारे कान तरी किती सोसणार? ह्यांचा उजवा कान लढाई संपली त्या वर्षी गेला. डाव्यात थोडी धुगधुगी राहिली होती. त्याच्याशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्दांतले दोन पोचायचे.

माझं बोलणं मात्र त्यांना कळायचं. तीस वर्षं माझ्याच तोंडाकडे बघत आले होते, ओठ हलले की समजायचं. दुसऱ्या कुणाचं नाही समजायचं. म्हणून गिऱ्हाईक आलं की मी चुलीवरचं खाली उतरवून ओट्यावर येऊन बसायची. गिऱ्हाईक मला सांगणार, मी ह्यांना सांगणार. मी काय सांगायची ते पुढं येईलच. आधी गाडीचं ऐका.

अठ्ठावन्न साल होतं. लोक लग्नात अल्युमिनियमची भांडी मांडायला लागले होते, आणि वर आम्हालाच ऐकवायचे, ‘हलकी बरी हो वेणूताई, घासायला त्रास नाही.’ मेल्यांना उचलायला हलकी हवीत, पण पिढ्यान् पिढ्या टिकायलाही हवीत! आमच्या ओट्यावर हंडे आणि घागरी उलट्या घालून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ बसायची. माझा भाऊ कमळाकर, त्याचं मुंबईत तांबाकाट्याला भांड्यांचं दुकान. त्यानं पत्र धाडलं: दसऱ्यानंतर दोघंही इकडं या, भावजींना दुकानात बसवतो. बसवतो म्हणजे काय, तर फडकं घेऊन भांडी पुसायची. मी पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी ते हातात घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, “दसऱ्यापर्यंत हाताला काम मिळालं तर राहू. नाही मिळालं तर जाऊ. फडकं तर फडकं.” पन्नास वर्षांचा माणूस, बारा वर्षांचा असल्यापासून हातात हातोडी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि श्रावण सरता सरता चांगो आला.

चांगो म्हणजे उरणच्या वाटेवरच्या गावातला आगरी गडी. त्याचे वाडवडील मिठागरात राबले, हा मात्र उरण नाक्यावर टॅक्सी चालवायचा. गाडी लढाईच्या आधीची, जुनी डॉज. आत आठ माणसं, आणि बाजारच्या दिवशी दोघं-चौघं बाहेर मडगार्डावर बसलेली. नाती लावण्यात पटाईत, मला मामी म्हणायचा, ह्यांना मामा. तोंडात सदा तंबाखूचा बार.

“मामी, मामाला सांग, पासिंगच्या सायबानं गाडी परत धाडली,” तो म्हणाला. “फुडचे दोन्ही मडगाड नि दरवाज्याचं खालचं पत्रं नवीन घातल्याबिगर रस्त्यावर आणायची नाय म्हणतो. तिसऱ्या शुक्रवारी ठाण्याला दाखवायचीय.”

“मग कारखान्यात ने की मुंबईला.”

“गेलतो. ह्या गाडीचं सामान आता येत नाय. हातानं बनवून देऊ, पण म्हयना लागंल म्हणतात. तवर पोरं काय खातील? मग माझ्या डोस्क्यात आलं, मामा हंड्याला बाक आणतो, तोच बाक ह्या मडगाडाला हाय. हाय का नाय?”

मी सांगितलं तसे हे उठले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या मडगार्डावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. “हा पत्रा आहे की पापड?” ओरडलेच. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा, अर्ध्या आळीला कळलं. चांगो लाजला. परतीच्या फेरीला मडगार्डावर मिठाच्या गोणी बांधून आणायचा, त्यांचं पाणी झिरपून झिरपून लोखंड खाल्लेलं. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतात, मीठ काही खाल्ल्या लोखंडाला जागलं नाही.

ह्यांनी काम घेतलं. मला म्हणाले, “वेणू, हे जमलं ना, तर नाक्यावरच्या सगळ्या गाड्या इथं येतील. सगळ्यांनाच गंज चढलाय. मुंबईला जायला नको.” कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर तेज बघितलं मी.

पत्रा कुठला? पुण्याच्या रस्त्यावर डांबराची रिकामी पिंपं पडलेली असायची, चांगोनं त्यातली दोन मागून आणली. ह्यांनी ती छिन्नीनं उभी कापली, मागच्या अंगणात जाळ घालून डांबर जाळून काढलं. काय तो धूर! शेजारच्या पापड वाळत घालणाऱ्या बायकांनी माझा उद्धार केला. मग पत्रा ठोकून सपाट केला. दरवाजांचे खालचे तुकडे दोन दिवसांत झाले, रिव्हेट मारून बसवले, ते काम तांबटाच्या हातचंच. मग मडगार्ड. लाकडाच्या ठोकळ्यात खळगा केलेला असतो, त्यात ठोकून ठोकून पत्र्याला पोट आणलं. मग खरवईवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर, घालून बाक. कडेला तार घालून कड वळवली, हंड्याच्या तोंडाला घालतात तशी. चार दिवसांत डाव्या बाजूचा मडगार्ड उभा राहिला. जुन्याशेजारी ठेवला तर सूतभरही फरक नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तांबट तो तांबट. भांडं घडून झालं की ते मठारतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं अंगभर एकाला एक लागून ठोके घालायचे, ओळीनं. त्यानं धातूला कस येतो आणि अंगावर चमकत्या टिकल्या उठतात. मठार नसलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे तांबटाच्या जातीला बट्टा, असं आमच्यात मानतात. ह्यांनी एक अख्खा दिवस बसून तो मडगार्ड मठारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टिकल्याच टिकल्या. मी सुद्धा म्हटलं, वा! माझ्याही डोक्यात आलं नाही, मी पण तांबटाचीच लेक.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगो आला. मडगार्ड बघितला आणि त्याचं तोंड उघडं पडलं.

“मामी, ह्ये काय हाय?”

“काय म्हणजे? मडगार्ड.”

“गाडीला घागर बांधू का मी? अगं, रंग मारला की सगळं खड्डं दिसतील! नाक्यावर लोक पोट धरून हसतील. सायेब म्हणंल, अपघात झालेली गाडी आणलीस. सपाट पायजे, मामी, आरशासारखं सपाट! मामाला सांग, ह्ये चालायचं नाय.”

हे माझ्याकडे बघत होते. कसे बघत होते म्हणून सांगू? परीक्षेचा निकाल लागायचा असतो ना, तसे. “काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

आणि मी म्हटलं, “छान झालाय म्हणतो.”

“मग तोंड का असं करतोय?”

“त्याचं तोंडच तसं आहे जन्मापासून. बार भरलाय ना.”

हे खूश होऊन हसले. चांगोला मी हळूच म्हटलं, “मी सांगते त्यांना, होईल सपाट. तू शुक्रवारची काळजी करू नकोस.” तो मान हलवत गेला. संध्याकाळी सांगीन, असं मी ठरवलं होतं, देवाशपथ. पण संध्याकाळी हे दोन भाकऱ्या जास्त जेवले. पाटावर बसल्या बसल्या मांडीवर ताल धरला. असला माणूस समोर बसलेला असताना कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी दळण आलं, मग पाणी. दुपारी म्हटलं, आता काम करतायत, हातचं टाकायला कशाला लावा. असा मी एक दिवस ढकलला, दोन ढकलले, तीन ढकलले, चार ढकलले.

मंगळवारी सकाळी मागच्या दारी गेले तर उजव्या बाजूचा मडगार्डही तयार. आणि तोही मठारलेला. आधीच्यापेक्षा बारीक, आधीच्यापेक्षा देखणा. हे म्हणाले, “चांगोला एवढा आवडला ना, म्हणून ह्याच्यावर जास्त जीव काढला.”

मी तिथंच जोत्यावर बसले आणि सांगितलं. सगळं. घागर म्हणाला, लोक हसतील म्हणाला, चालायचं नाही म्हणाला.

ते रागावतील, हातोडी फेकतील असं वाटलं होतं. रागीट आहेत, आळी ओळखून आहे. पण त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग हळू आवाजात बोलले. एवढा हळू आवाज मी त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

“गुणाबाईंनी हंडा परत पाठवला होता गेल्या साली. तू म्हणालीस, त्यांचं घर बदललंय, मोठा हंडा ठेवायला जागा नाही.”

मी मान खाली घातली.

“माझ्याकडे बघून बोल. मला दिसत नाही खाली बोललेलं.”

“सांध्यातून गळत होता,” मी म्हटलं.

“आणि वकिलीणबाईंचं घंगाळ?”

“काठ हाताला लागत होता. त्यांच्या सुनेचा हात कापला.”

“कानस मारली असती. अर्ध्या घटकेचं काम होतं.” ते उठले, परत बसले. “मी समजत होतो गिऱ्हाईक अल्युमिनियमनं नेलं. अर्धं तू नेलंस, वेणू. माझे कान गेले तेव्हा मी बहिरा झालो नव्हतो. तू होतीस ना. तू मला बहिरं केलंस.”

अंगरखा चढवून ते निघून गेले. मी रडले, खोटं कशाला बोलू. मी त्यांना दुखवायचं नाही म्हणून गोड बोलत राहिले, आणि त्यांच्या हातातलं कसब मीच दोन वर्षं कुजवलं. चांगलं करायला गेले आणि घरावर निखारा ठेवला. दुसऱ्या कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती.

दुपारी ते आले ते चांगोला हाताला धरून. गाडीसकट. उरण नाक्यापर्यंत स्वतः चालत गेले होते. माझ्याकडे बघितलंही नाही. चांगोचा हात घेऊन त्यांनी गाडीच्या मागच्या मडगार्डावर ठेवला, तो जुनाच होता, धड होता. मग डोळ्यांनी विचारलं, असा? चांगोनं जोरजोरात मान डोलावली. मग ह्यांनी स्वतः डोळे मिटून त्या पत्र्यावरून दोन्ही तळवे फिरवले. किती तरी वेळ. चांगो मला म्हणाला, “मामी, तू सांगितलं नव्हतंस?” मी नाही म्हटलं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला, ते न ऐकलेलंच बरं.

मठारलेला पत्रा परत सपाट करायला गेलं की तो पसरतो, मापात राहत नाही. म्हणजे दोन्ही मडगार्ड वाया. चांगोनं आणखी दोन पिंपं आणली. हातात मंगळवारची अर्धी दुपार, बुधवार आणि गुरुवार. आधीचा एकेक मडगार्ड घडवायला चार दिवस लागले होते, पण आता मापं हातात बसली होती. हे जेवायला उठेनात, तर मी ताट तिथंच नेऊन ठेवायची. जेवायचे, बोलायचे नाहीत. ह्या वेळी लाकडी मोगरी घेतली, वर सपाट तोंडाची हातोडी, शेवटी कानस. अंगणात उन्हात पत्रा उभा करायचे, वर पाणी ओतायचे आणि तिरपी मान करून बघायचे. ओल्या पत्र्यावर ऊन जिथं मोडेल तिथं उंचवटा. परत खुंटावर. परत पाणी. पाण्याच्या कळशा मी भरून देत होते, तेवढं मात्र घेतलं माझ्याकडून. गुरुवारी दुपारी दोन्ही मडगार्ड बोल्टांवर चढले, चांगोनं काळा रंग मारला. शुक्रवारी तांबडं फुटायला गाडी ठाण्याला गेली.

तो दिवस कसा काढला, माझं मला माहीत. हे मागं बसून एक जुनी परात उगाचच ठोकत होते. पास नाही झाली तर दुसरा ड्रायव्हर आमच्या दारात पाय ठेवणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. कमळाकरला काय उत्तर लिहायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. दिवेलागणीला भोंगा वाजला. मी ओट्यावर धावले.

“पास झाली, मामी!” चांगो खाली उतरता उतरता ओरडला.

“साहेब काय म्हणाला?”

“कायच नाय. मडगाडावरनं हात फिरवला, खाली वाकून बघितलं नि सई ठोकली.”

मी तशीच मागं पळाले. ह्यांच्यासमोर उभी राहिले. “अहो, पास झाली!”

त्यांनी माझे ओठ वाचले. वाचले हे मला दिसलं. मग खाली बघून परातीवर आणखी एक ठोका घातला. “बरं,” म्हणाले.

“अहो, खरंच झाली.”

“तू चांगलंच सांगणार,” ते म्हणाले.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. माझ्याजवळून ते ओट्यावर गेले. चांगोचे दोन्ही खांदे धरून त्याला उजेडाकडे वळवलं. “तू सांग.”

चांगोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सांग बाबा. तूच सांग.” त्यानं बार थुंकला, त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “मामा! गाडी पास झाली!” आळीतली दारं उघडली.

“साहेब काय म्हणाला?”

“काय नाय म्हणाला! सई केली!”

“काहीच नाही?”

“कायच नाय!”

हे क्षणभर गोंधळले. जन्मभर लोकांनी त्यांच्या मठाराला वाहवा म्हटलेलं, आणि हा साहेब एक शब्द बोलत नाही. मग त्यांना उमगलं. “म्हणजे त्याला माझं काम दिसलंच नाही!” म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं हसले की चांगोही हसायला लागला. मी दारातच उभी. एवढी आनंदाची बातमी, आणि ती माझ्या घरात दुसऱ्याच्या तोंडून आली. आनंद झाला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम.

आम्ही मुंबईला गेलो नाही. दसऱ्यापर्यंत नाक्यावरच्या तीन टॅक्सी आणि एक दुधाची गाडी दारात लागली. पण गिऱ्हाईक आलं की हे त्याला कानाशी ओरडायला लावायचे, नाहीतर बोटानं दाखवायला. मला हाक नाही. मी चुलीशी. घरात बोलायचे, जेवायला वाढ, पाणी दे, सगळं. गिऱ्हाइकाचं मात्र काही विचारायचे नाहीत. दिवाळी गेली तशीच.

मार्गशीर्षात एक सरदारजी ट्रकवाला आला, दरवाजाचं काम करून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. तावातावानं बोलत होता. ही एवढी दाढी, ओठ दिसतायत कुठं? आणि कानाशी ओरडला तरी हिंदी. ह्यांनी बोटानं दाखव म्हणून खूण केली, पण त्याचं बोलणंच थांबेना. मग ह्यांनी मागं वळून हाक मारली, “वेणू!”

मी कणकेच्या हातानं बाहेर आले.

“हा काय म्हणतो?”

मी सरदारजीला विचारलं. त्यानं सांगितलं. मी मोठा श्वास घेतला. “बिजागरीपाशी बोटभर फट राहिलीय म्हणतो. पावसाचं पाणी आत येईल. आणि म्हणतो, म्हातारा कारागीर चांगला आहे, पण महा तिरसट आहे, काल धड बोललाही नाही.”

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी सरदारजीकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“दोन्ही खरं आहे,” म्हणाले, आणि हातोडी घेऊन ट्रककडे गेले. दोन पावलांवर थांबून वळले. “तू पण चल. अजून काही बोलला तर सांग.”